पप्पांचा पुढचा दात

मी दात बनवते. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आपापलं तोंड माझ्यापुढे उघडतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर सिटी बसच्या कंडक्टरने तिकीट देता देता मला दाढ दाखवली होती. अहो, मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून माझाच घसा दुखायला लागलाय. डॉक्टर तोंडात काम करतात. मी सातपूरला एका गाळ्यातल्या लॅबमध्ये बसून, ज्यांचं तोंडही कधी पाहिलेलं नसतं अशा माणसांचे सिरॅमिकचे दात घडवते. त्यातही इम्प्लांटचं काम माझं जास्त. म्हणजे डॉक्टर हिरडीखाली हाडात एक स्क्रू बसवतात आणि त्याच्यावर जो दात चढतो तो मी करते. दात कोणाचा ते मला माहीत नसतं आणि तेच बरं असतं, त्यामुळे हात थरथरत नाही.

पण हा दात ज्या तोंडात बसायचा होता, त्या तोंडाचा ओरडा मी लहानपणापासून खात आले होते.

पप्पा सातपूरच्याच एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात कायदा अजून टूलरूमचाच. कपाटाचं दार नीट लागलं नाही की आई सरळ खांदा लावून ढकलायची आणि पप्पा आतल्या खोलीतून ओरडायचे, "ठोकू नको! कुठं अडतंय ते बघ आधी." मूळचे निफाडकडचे, त्यामुळे रागावले की त्यांचं 'लय' आणि 'नाय' बाहेर पडतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे त्यांच्या हिशेबात दरवाजाएवढी फट. माझा चिकित्सकपणा त्यांच्याकडूनच आला, हे आई अजूनही कौतुकाने म्हणत नाही.

आणि रविवारी हेच पप्पा पांढरा शर्ट घालून कॉलनीतल्या विहारात वंदना घ्यायचे. पुढे उभं राहून ते एकेक ओळ म्हणणार आणि त्यांच्यामागून सगळी कॉलनी. आवाज असा खणखणीत की रस्त्यावरून जाणारा माणूस चाल मंद करायचा. त्या आवाजाचा मला फार अभिमान होता. तसं मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही.

मग एकदा बसने करकचून ब्रेक मारला. पप्पा पुढच्या दांड्यावर आपटले आणि वरचा समोरचा दात मुळातून गेला. तरीही त्या रविवारी ते विहारात गेले. वंदनेत 'स' किती आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. दर 'स'ला फटीतून शिट्टी. पुढे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. पोरंच ती, त्यांना काय म्हणणार! पण पप्पा मध्येच थांबले. त्यांनी हात जोडलेलेच ठेवले आणि ओठ मिटून घेतले. बाजूच्या एका काकांनी पुढचं उचललं. पुढच्या रविवारपासून पप्पा सगळ्यात मागे, चपलांच्या रॅकजवळ बसायला लागले, तेही तोंड न उघडता. घरीसुद्धा हूं आणि हं. कपाटाचं दार आईने दणादण ढकललं तरी आतून आवाज नाही. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी ज्यांची कामं करते त्या डॉक्टर मॅडमकडे त्यांना नेलं. पप्पांना शुगर आहे, त्यामुळे इम्प्लांट बसवल्यावर जखम भरायला फार वेळ लागला. सूज, औषधं, पथ्य, पुन्हा सूज. तोवर फट दिसू नये आणि जागा टिकावी म्हणून मॅडमनी एक दात लावलेली प्लास्टिकची प्लेट दिली, काढता-घालता येणारी. अखेर मॅडम म्हणाल्या की हाडाने स्क्रू धरला, आता दात करायला हरकत नाही. घरी आल्यावर पप्पांनी मला समोर बसवलं.

"हे बघ, एकदा करायचं. बसला तर बसला. नाय बसला तर पुन्हा माझ्या तोंडात खोदकाम नाय. मी मागं बसतो तसाच बसेन."

विहारातल्या लोकांनी बुद्ध पौर्णिमेची वंदना त्यांनीच घ्यावी म्हणून गळ घातली होती. पप्पांनी त्यांनाही एवढंच सांगितलं होतं, की दात आला तर येईन. म्हणजे सगळं माझ्या हातावर.

माप घ्यायला मी क्लिनिकमध्ये हजर. हल्ली लगदा भरून माप घेत नाहीत. इम्प्लांटमध्ये एक छोटी खुंटी बसवतात आणि कॅमेऱ्याची कांडी तोंडात फिरवतात, की कॉम्प्युटरवर जबडा उभा राहतो. खुंटी पूर्ण खाली बसलीये ना, हे मी मॅडमना इतक्यांदा विचारलं की त्या म्हणाल्या, "तुम्हीच घाला ना मग ग्लोव्हज!" पप्पा खुर्चीतून उठताना जरा नाराजच होते. "झालं? व्हर्नियर नाही, गेज नाही, एवढ्यात माप झालं?"

दात करायला घेतला. झिर्कोनियाची चकती सुरुवातीला खडूसारखी असते, मऊ आणि पांढरीफटक. मशीन तिच्यातून दात कोरतं तो मुद्दाम मोठा कोरतं, कारण भट्टीत भाजल्यावर तो जवळजवळ पाचवा हिस्सा आक्रसतो. किती आक्रसणार याचा आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो आणि तोच मशीनला द्यावा लागतो. आकडा चुकला, कोरणारं टोक झिजलेलं असलं, भट्टीची आच कमी-जास्त झाली, की दात दिसायला देखणा आणि बसायला बेकार. एरवी हे सगळं मी गाणी ऐकत करते. त्या दिवशी मोबाइल बंद करून ठेवला होता.

दात भट्टीत, आच चढत होती आणि वीज गेली. अगदी भाजण्याच्या ऐन भरात. एवढी मोठी भट्टी आमचा इन्व्हर्टर काय ओढणार! अर्धवट भाजलेला दात मी कचऱ्यात टाकला. दुसरा कोरला, तर भट्टीची तापणारी कांडीच गेली. मेकॅनिक पुण्याहून यायचा होता. तो रोज "उद्या नक्की ताई" म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उगवायचा नाही. असे आठवड्यांमागून आठवडे गेले. घरी पप्पा कधी "काय झालं?" असं विचारायचे नाहीत. नुसते जेवणावरून नजर उचलून माझ्याकडे बघायचे आणि भाकरी आमटीत कुस्करायला लागायचे. विचारलं असतं तर परवडलं असतं.

अखेर कांडी आली, दात भाजला. पुढे मी पोर्सिलेनचा हात दिला, शेजारच्या दातासारखी किंचित पिवळट झाक आणली, आतून धातूचा बेस चिकटवला. त्या मापावरून छापलेल्या जबड्याच्या मॉडेलवर दात चढवला तर काय चपखल बसला म्हणून सांगू! मी गाळ्यात एकटीच टाळी वाजवली. पौर्णिमा तोंडावर आली होती, पण आता काय, झालंच की काम.

आणि पप्पांच्या तोंडात तो बसेना.

मॅडमनी चढवला, स्क्रू आवळला, आवळलाही गेला. मग एक्स-रे काढला. दात आणि इम्प्लांट यांच्या सांध्यावर केसासारखी काळी रेघ. म्हणजे दात कुठेतरी वर अडकलाय आणि स्क्रू त्याला जबरदस्तीने खाली ओढतोय. असं ठेवलं तर आज चालतं, पण पुढे स्क्रू ढिला होतो नाहीतर तुटतो, फटीत घाण साचते, आणि पप्पांसारख्या शुगरच्या माणसाचं हाड हळूहळू माघार घेतं. मॅडमनी पुन्हा काढून पुन्हा चढवला, तरी रेघ तिथेच.

आमच्या धंद्यात अशा वेळी डॉक्टर म्हणतात लॅबने घोळ घातला, लॅब म्हणते माप चुकलं, आणि पेशंट बिचारा आ करून दोघांकडे बघत बसतो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी तिसऱ्यांदा जरा जोर लावायला घेतला, तेवढ्यात पप्पांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"ठोकू नका. बोल्ट आवळला म्हणजे जॉब बसला असं नसतं." मग गळ्याला लावलेला कागद स्वतःच काढून घडी घातला. "राहू द्या मॅडम. पोरीने लय कष्ट घेतले. राहू द्या आता."

मॅडम म्हणाल्या, आज कोणीच काही ठरवू नका, परवा या. पप्पांना रिक्षात बसवलं आणि मी स्कूटरवरून सुटले ती थेट लॅबमध्ये. डोक्यात नुसता भुंगा. आकडा ह्या चकतीचा घातला की आधीच्या? उरलेली चकती काढून बघितली, आकडा बरोबर होता. मशीनचं टोक भिंगाखाली धरलं, धार होती. मग माप घेताना खुंटी? पण खुंटीचा एक्स-रे मीच मागून मागून काढायला लावला होता. भट्टी? भट्टीने दगा दिला असता तर दात मॉडेलवर तरी कसा बसला असता? मग मॉडेलच वाकडं छापलं गेलं असेल का? एकेक करून सगळ्यांवर संशय घेऊन झाला आणि शेवटी मी स्वतःवर आले. बापाचा दात म्हणून जास्त शहाणपणा केला आणि तोच नडला, असं वाटून मला रडूच फुटलं. मॉडेल पर्समध्ये टाकलं आणि घरी गेले.

पप्पा बाल्कनीत पाठ करून बसले होते. आई स्वयंपाकघरात. मी तिला म्हटलं, "निदान पौर्णिमेला प्लेट तरी घालून जाऊ दे त्यांना. पुढे नको बसू देत, पण फट तरी दिसणार नाही."

आई म्हणाली, "कुठली प्लेट? ती तर माप झालं त्या दिवसापासून पेटीत आहे."

"पेटीत? कसल्या पेटीत?"

"त्यांच्या हत्यारांच्या. मला काय विचारतेस, त्यांना विचार."

मी बाल्कनीत जाऊन पेटीच मागितली. पप्पांनी आत येऊन पलंगाखालून ती ओढली. आत त्यांचे जुने गेज, कानशी, सगळं तेलाच्या कागदात गुंडाळलेलं, आणि त्याच्या शेजारी तशाच स्वच्छ कागदात, प्लास्टिकच्या डबीत माझ्या बापाची प्लेट.

"पप्पा, ही घालत नव्हता तुम्ही?" ते सदा ओठ मिटूनच असायचे, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"माप झालं की," ते म्हणाले. "डमी पीस कशासाठी असतो? माप घेईपर्यंत. जॉब मशीनवर गेला की डमीचं काम संपलं. ती घातली की जिभेला लागायची, शब्द अडखळायचे. म्हटलं दात यायच्या आत वंदनेची सवय तर ठेवू. पहाटे गच्चीवर म्हणत होतो रोज."

बाई गं! म्हणजे हा माणूस आमच्यापासून लपून गच्चीवर सराव करत होता, आणि मला वाटत होतं त्यांनी नादच सोडला. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच वाजलं. मी पर्समधून मॉडेल काढलं. ते होतं माप घेतलं त्या दिवसाचं तोंड. त्याच्यावर प्लेट ठेवली. टक करून बसली. तीच प्लेट धुऊन पप्पांच्या हातात दिली. "घाला."

त्यांनी घातली. बसेना. एका बाजूने लावली, दुसऱ्या बाजूने लावली, दोन दातांच्या मध्ये तो प्लास्टिकचा दात जाईचना. त्यांनी प्लेट हातात घेतली, मॉडेलवर ठेवून बघितली, पुन्हा तोंडात. पुन्हा मॉडेलवर. कारखान्यात माल पास की नापास हे ते दोन टोकांच्या गेजने तपासायचे, अगदी तसे.

"दात हलतात?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला गलबलून आलं.

"हलतात पप्पा. मोकळी जागा दिसली की शेजारचे कलतात. म्हणून तर प्लेट सारखी घालायला सांगितली होती."

"लोखंड नाय हलत," ते म्हणाले. "रात्री जॉब व्हाइसमध्ये आवळून गेलो तर सकाळी जागेवर असतो." त्यांनी प्लेट पुन्हा डबीत ठेवली. "म्हणजे तुझा दात बरोबर होता. तोंडच माझं बदललं. मग संपलं की. बोलणंच झालं होतं आपलं, एकदाच म्हणून."

आता मात्र मी भडकले. किती आठवडे जीव टांगणीला लावून बसले होते मी, आणि हे पेटीचं झाकण लावायला निघाले! "काय संपलं? जन्मभर ओरडत आलात ना आमच्यावर, ठोकू नको, कुठं अडतंय ते बघ? बघितलं! कुठं अडतंय ते कळलं! आता हा नियम फक्त आईच्या कपाटाला आहे का? परवा गुपचूप उठायचं आणि यायचं."

आतून आई म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी बोललं एकदाचं."

पप्पांनी पेटी पलंगाखाली सारली. पण ठरलेल्या सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून माझ्या आधी तयार होते.

रस्ता एकच होता. दाताच्या दोन्ही कडा किंचित घासायच्या, पोर्सिलेनला तडा जाऊ नये म्हणून पाणी मारत, बारीक हिऱ्याच्या दगडाने. कमी घासला तर बसणार नाही. जास्त घासला तर खाली बसेल, पण शेजारी फट राहील, आणि फट म्हणजे पुन्हा शिट्टी. घासलेलं परत भरून येत नाही. नवा करायचा तर पुन्हा माप, पुन्हा भट्टी, पौर्णिमा तर गेलीच, आणि पप्पा तयार होतील की नाही कोणास ठाऊक. मॅडम म्हणाल्या, "घासा तुम्ही, मी तोंडात बघते." त्या दात आणि शेजारचा दात यांच्यामध्ये रंगीत कागद धरायच्या. जिथे अडतं तिथे रंगाचा ठिपका उमटायचा. मी तो ठिपका पुसण्यापुरता घासायचा. मग पुन्हा कागद.

माझा हात थरथरत होता. पप्पा खुर्चीत आडवे पडून माझ्या बोटांकडे बघत होते. एकदा मी जरा रेटून घासायला गेले तर तोंड उघडं असतानाच त्यांनी घशातून "अं!" असा आवाज काढला. मी थांबले, श्वास घेतला, पुन्हा हळू. उजवी बाजू झाली, डावी बाजू झाली. आणि एकदा मॅडमनी दात चढवला तो सुर्रकन खाली गेला. एक्स-रे काढला, रेघ नव्हती. मॅडमनी ठरावीक जोरावर सुटणारा पाना लावला. स्क्रू आवळता आवळता पाना कट्ट वाजला, आणि पप्पांनी डोळे मिटून मान हलवली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

पण डाव्या बाजूला दोन दातांच्या मध्ये दोरा घातला तर तो मला हवा होता त्यापेक्षा किंचित सैल गेला. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी पुन्हा पुन्हा दोरा फिरवून बघितला. म्हणाल्या, चालण्यासारखं आहे, लक्ष ठेवू. त्यांचं ठीक आहे हो, 'चालण्यासारखं' म्हणायला. त्या 'किंचित'मधून हवा जाते की नाही, हे मला दोऱ्याने थोडंच कळणार होतं! पप्पांना तिथेच 'स' म्हणून दाखवा असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनीही म्हणून दाखवलं नाही. घरी आल्यावर आरशापुढे उभे राहिले, ओठ उचलून दात पाहिला, मला "रंग जमलाय" एवढंच म्हणाले. पौर्णिमेपर्यंत मी पहाटे उठून गच्चीच्या दाराला कान लावत होते. वरून आवाज नाही. सराव बंद म्हणजे ठरलं वाटतं यांचं, मागेच बसायचं, असं म्हणून मी आईचं डोकं खाल्लं.

पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. उन्हाचा कडाका, पांढऱ्या साड्या, मेणबत्त्यांचा वास, मागच्या अंगणात खिरीची पातेली. पप्पा आत आले आणि चपलांच्या रॅकपाशी थबकले. मी आईचा हात धरला, इतका घट्ट की ती "अगं, बांगडी!" म्हणाली. मग पप्पांनी पायातली चप्पल काढून रॅकवर ठेवली आणि सरळ पुढे चालत गेले.

कोपऱ्यात कूलर घरघरत होता. तो चालू राहावा की कोणी बंद करावा, हेच मला ठरवता येईना. पप्पांनी हात जोडले आणि पहिली ओळ म्हटली. सगळे त्यांच्यामागून म्हणाले. मी नाही म्हटली. मी ऐकत होते. पहिला 'स' गेला, स्वच्छ. दुसरा. ओळ संपता संपता जोडाक्षरात येणारा. डावी बाजू, डावी बाजू, एवढंच माझ्या डोक्यात. तिसरा 'स'ही गेला. आणि पप्पा थांबले.

विहार शांत झाला. शिट्टी वाजली त्या रविवारीही ते असेच थांबले होते, हात जोडून. मी मनातल्या मनात घासायचा दगड उचलला, दात काढला, पुन्हा घासला, सगळं करून टाकलं. पप्पा पुढे बसलेल्या पोरांकडे बघत नव्हते. एवढ्या माणसांतून सरळ माझ्याकडे बघत होते.

"पोरी," ते खणखणीत म्हणाले, "तपासून झालं असेल तर आता तोंड उघड. सगळे म्हणतायत."

सगळा विहार हसला. पोरंही हसली, आणि पप्पासुद्धा हसले, अगदी दात दिसेपर्यंत. मग त्यांनी पहिली ओळ पुन्हा सुरुवातीपासून धरली. मी हात जोडले, तोंड उघडलं, पण आता माझाच आवाज फुटेना.